बांधात निजलेली घोरपड

स्वयंपाकघरात झाकण पडलं. पडलं, फरशीवर कडेनं फिरत राहिलं, फिरता फिरता त्याचा आवाज बारीक होत गेला आणि मग ते बसलं.

मी पडवीत हुलगे निवडत होते. सासूबाई तालुक्याच्या बाजाराला गेल्या होत्या, माझा नवरा नवनाथ दुधाच्या टेम्पोवर होता आणि दुर्वा, माझी लेक, आतल्या खोलीत झोपली होती. आमचं घर रानात, माणदेशातल्या उघड्या माळावर. शेजारचं घर हाकेच्या पलीकडे. पौषातल्या दुपारी तिथं इतकं शांत असतं की सुपातला खडा बाजूला टाकला तरी ऐकू येतो.

पहिल्यांदा वाटलं, मांजर असेल. पण मांजर माझ्यासमोरच उन्हात बसलं होतं. त्यानंही आवाजाकडे मान वळवली होती आणि त्याची शेपटी फुगली होती.

मग मला चुलीजवळची वेताची पाटी आठवली. सूप खाली ठेवता ठेवता अर्धे हुलगे सांडले.

पाटीत घोरपड होती. जिवंत.

दुर्वा तेव्हा तीन वर्षांची होती. बोलायला लवकर लागली होती, इतकी की ऐकणारा दमून जावा. पण कमरेखाली तिचं अंग तिचं ऐकत नसे. बसवली की बसायची. काखेत धरून उभी केली की पाय ओल्या फडक्यासारखे दुमडायचे. साताऱ्याच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते. मी रोज तिचे पाय धरून सायकल मारल्यासारखे फिरवायचे. हे किती दिवस करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, असं नुसतं फिरवत बसणं पटत नव्हतं. त्यांच्या मनात घोरपडीचं तेल होतं. त्यांचं म्हणणं असं की थंडीभर ती अन्नपाण्यावाचून मातीत पडून राहते आणि तरी उठली की दगडाला असं धरते की माणसाला सुटत नाही. एवढी ताकद येते कुठून, तर चरबीतून. उन्हाळ्यापर्यंत तिची चरबी तीच खाऊन बसते, म्हणून काढायची ती थंडीतच. तीही अमावास्येला, आणि जित्या जनावराची. आपोआप मेलेलीची चरबी लावली तर पाय आहेत तेही जातील. मी म्हटलं, हा गुन्हा आहे, फॉरेस्टवाले घेऊन जातील. नवनाथनं मला बाजूला घेऊन सांगितलं, एकदा करू दे तिला, म्हणजे पुढं बोलायला नको.

आत्याबाईंच्या माहेरचे गेनूतात्या या कामातले. त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच होतं. उरलेलं एका घोरपडीनं नेलं होतं, आणि ही गोष्ट ते कुणी न विचारता सांगायचे. ती उन्हाळ्यातली होती, थंडीतली काय करते, असं म्हणून हसायचे.

ते आम्हाला आमच्याच रानाच्या खालच्या बांधावर घेऊन गेले. दुर्वाला कडेवर घेऊन मलाही जावं लागलं, कारण बिळातून काढल्या काढल्या पहिला हात लेकराचा लागला पाहिजे असं आत्याबाईंचं म्हणणं. बांध दगडमातीचा, दक्षिणेच्या अंगाला तरवडाची झुडपं. दिवसभराचं ऊन तिथं बसतं. गेनूतात्या गुडघ्यावर बसून दगडांवरून तळवा फिरवत पुढं सरकत होते, ताप बघावा तसे. एका जागी थांबले. मला तिथं बीळच दिसत नव्हतं.

"दिसायचं न्हाई," ते म्हणाले. "आतनं दार लावून निजती ती. ही बघ, भोवतालची माती जुनी, हितली भुसभुशीत."

बोटांनी माती उकरल्यावर भोक उघडलं. आधी त्यातून काड्यांसारखं काहीतरी घरंगळलं. सापसुरळ्या होत्या, तीनचार, एकमेकींत गुंतलेल्या, चकचकीत आणि अगदी निश्चल. गेनूतात्यांनी त्या बाजूला सारल्या.

"ही तिची बाळं?" दुर्वानं विचारलं.

"न्हाय गं बाय. भाडेकरू."

मग ते पालथे झाले आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला. गाल मातीला टेकलेला, डोळे मिटलेले. मी दुर्वाला घट्ट धरून मागे सरकले. मला वाटत होतं आता ओरडतील, आता हात बाहेर येईल आणि त्याला बोटंच नसतील. पण हात सावकाश बाहेर आला आणि त्यात घोरपड होती. शेपटी अंगाभोवती गुंडाळलेली, पुढचे पाय पोटाशी घेतलेले. डोळे मिटलेले. पापण्यांवर माती. मला वाटलं होतं बघून किळस येईल. ती झोपलेली होती, एवढंच मला दिसलं.

आत्याबाईंनी दुर्वाचा हात धरून तिच्या पाठीवर टेकवला.

"गार," दुर्वा म्हणाली. मग जरा वेळानं, "आजी, तुम्ही हिचं पांघरूण काढलं."

"घरी गेल्यावर नवं घालू हं," आत्याबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी ते खरंच घातलं. गेनूतात्यांनी घोरपड गोणत्यात घालून दिली, पाय बांधायची गरज नाही म्हणाले, थंडी आहे तोवर ती दगड आहे. गोठ्यात कुठंही टाका आणि अमावास्येला मला बोलवा, एवढं सांगून ते गेले. पण गोठ्यात टाकायला आत्याबाईंचा जीव धजेना. इतकी गार पडली आहे, रातच्या थंडीनं अमावास्येच्या आतच मेली तर? शेळी थंडीत व्याली की त्या करडाला पाटीत घालतात, खाली भुस्कट, वर गोणपाट, आणि पाटी चुलीच्या कडेला. अशी कितीतरी करडं त्यांनी जगवली होती. तीच पाटी त्यांनी काढली. तेच भुस्कट. गोणत्याचं तोंड सैल केलं, जीव कोंडू नये म्हणून. वर मोठ्या पातेल्याचं झाकण. येता जाता झाकण उचलून त्या आत हात घालायच्या आणि म्हणायच्या, अजून ऊब धरंना गं.

दोन दिवस ती तशीच होती. दोन दिवसांत मीही त्या पाटीशेजारी बसून भाकरी करायला शिकले होते. त्या दिवशी थंडी फार होती, म्हणून बाजाराला निघताना आत्याबाईंनी चुलीत दोन शेण्या जास्तीच्या सारल्या. दिवसभर धगधगत राहतील म्हणाल्या.

मी उंबऱ्यातून स्वयंपाकघरात पाहिलं. झाकण चुलीपाशी पडलं होतं. पाटी कलंडली होती, भुस्कट बाहेर आलं होतं आणि गोणता रिकामा, पोट काढल्यासारखा पसरला होता. चुलीपुढच्या राखेत खुणा होत्या. पाच नखांचे ओरखडे, मग पुन्हा पाच, आणि त्यांच्या मधून शेपटीची एक ओढलेली रेघ. ती रेघ मागच्या दाराकडे गेली नव्हती. आतल्या खोलीकडे गेली होती.

दुसऱ्या कुणाचं लेकरू असतं तर मी ओरडले असते, पळ म्हणून.

मी भिंतीला धरून दारापर्यंत गेले. खोलीत उजेड कमी होता. एक झरोका आणि त्यातून आलेला उन्हाचा पट्टा, तोही छपराजवळ. दुर्वा गोधडीवर उताणी होती. जागी होती. मला पाहून तिनं ओठांवर बोट ठेवलं, झोपलेल्या माणसाजवळ ठेवतात तसं.

"आई, ती माझ्याकडे आलीय."

"कुठं?"

तिनं नजरेनंच खाली दाखवलं. वरच्या गोधडीतून तिच्या पायांपाशी शेपटी बाहेर आली होती, मनगटाएवढी जाड, टोकाकडे निमुळती. गोधडी तिच्या पोटऱ्यांजवळ उंच झाली होती आणि तो उंचवटा हळूच वर होत होता, हळूच खाली.

मला गेनूतात्यांचं बोट दिसत होतं. अर्धं. घोरपडीनं धरलं की मान कापली तरी सुटत नाही, असं ते म्हणाले होते. आणि ती नखं, जी दगडात रुततात, ती आता माझ्या लेकीच्या कातडीला लागून होती. ओरडले तर घोरपड बिथरेल. गोधडी ओढली तर बिथरेल. कुणाला हाक मारावी तर ऐकायला कुणी नव्हतं.

"लागलंय का तुला कुठं?"

"नाही. गुदगुल्या होतायत."

"दुर्वा, ऐक. पाय हलवायचे नाहीत. मुळीच हलवायचे नाहीत."

बोलून गेल्यावर मला ते ऐकू आलं. रोज सकाळ संध्याकाळ मी त्या पायांना हलव म्हणून विनवत होते. दुर्वानं शहाण्यासारखी मान डोलावली.

मी चवड्यांवर बसले आणि तशीच सरकत तिच्या डोक्याशी गेले. तिच्या काखेत हात घातले. घोरपड गोधडीत हलली. फुत्कार ऐकू आला, सापासारखा पण जाडसर, भात्यातून वारा सुटावा तसा, आणि गोधडीचा उंचवटा फुगला. मी श्वास धरून थांबले. तो पुन्हा खाली बसेपर्यंत किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. दुर्वाचं डोकं माझ्या छातीला टेकलं होतं. तिच्या केसांना खोबरेलाचा वास येत होता.

"मागं ओढते तुला," मी तिच्या कानात म्हटलं. "बोलू नकोस."

मी तिला बोटभर ओढलं. थांबले. पुन्हा बोटभर. तिचे पाय गोधडीखालून सरकत येत होते, आपण होऊन काहीच न करता. ते तसे मऊ होते म्हणूनच ते घडत होतं. दुसऱ्या पोरानं घाबरून पाय झटकले असते. गुडघे बाहेर आले. मग पोटऱ्या. एका घोट्यावर ओरखडा होता, त्यातून रक्ताचा बारीक थेंब आला होता. टाचा सुटल्या तशी मी तिला उचलली आणि मागं मागं पावलं टाकत दाराबाहेर आले. किती हलकी होती ती तेव्हा. आता नऊ वर्षांची आहे. उचलताना मला एक गुडघा जमिनीला टेकावा लागतो.

पडवीत आल्यावर माझे दात वाजायला लागले. दुर्वा माझ्या तोंडाकडे बघून हसली, कारण तिला वाटलं मी गंमत करते आहे.

आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. कडी लावायची आणि आत्याबाई येईपर्यंत ओट्यावर बसून राहायचं, इतकं ते सोपं होतं. दुर्वाला पडवीतल्या बाजेवर ठेवून मी आत गेले, कडीला हात घातला, आणि आत पाहिलं.

घोरपड गोधडीखालून बाहेर आली होती. दुर्वाच्या पाठीखाली अंथरूण जिथं दबलं होतं त्या खोलगट जागी ती आली, जीभ बाहेर काढून तिनं ती जागा चाचपली, आणि स्वतःभोवती एकदा फिरून तिथं बसली. अंग पसरलं. हनुवटी टेकली. पापण्या खालून वर आल्या, तिच्या येतात तशा, आणि डोळे मिटले.

मी कडी लावली नाही. वरची गोधडी उचलली, तिच्यावर टाकली आणि चारही बाजूंनी आत दुमडत तिचं गाठोडं केलं. ती आत वळवळली. गोधडीच्या तीन पदरांतूनही नखांची खरखर हाताला कळत होती. गाठोड्याला वाळत घातलेल्या परकराची नाडी ओढून बांधली, ते पाटीत ठेवलं. जुन्या लुगड्यानं दुर्वाला पाठीशी बांधलं. तिला एकटी ठेवून जाता येत नव्हतं, आणि उद्यापर्यंत थांबताही येत नव्हतं, कारण उद्या अमावास्या होती. पाटी डोक्यावर घेतली आणि निघाले.

बांध काही लांब नाही. पण मान हलवता येत नव्हती. डोक्यावर ते जड, जिवंत, ऊब धरलेलं गाठोडं. आणि पाठीवरून दुर्वा मला बातम्या देत होती.

"आई, ती हलतेय."

"हलू दे."

"आई, गोधडीतून नाक आलं."

मी चालत राहिले. पळता येत नव्हतं. पाटी फेकून द्यावी तर मागं दुर्वा होती. माळावरचा वारा तोंडावर येत होता आणि पहिल्यांदाच मला त्या वाऱ्याचा राग आला नाही. मनातल्या मनात मी त्याला म्हणत होते, अजून गार हो, अजून.

गेनूतात्यांनी उकरलेलं बीळ ढासळलं होतं. त्याच्या हातभर पलीकडे, मोठ्या दगडाखाली, एक फट होती. मी पाटी खाली ठेवली, नाडी सोडली आणि गोधडीचं एक टोक धरून दूर सरकले. घोरपड बाहेर आली. मान उंच करून उभी राहिली, गळा फुगवून. माझ्या आणि तिच्या मध्ये पाटीएवढंच अंतर होतं. पाठीवर दुर्वाचं बोलणं थांबलं होतं, आणि माझ्या मानेवर तिची बोटं रुतली होती. घोरपडीची जीभ आत गेली, बाहेर आली. आमच्याकडे. मग दगडाकडे. मग वारा आला आणि ती वळली. दगडाखाली डोकं घातलं, खांदे घातले, आणि सावकाश, वाट आठवत आठवत जावं तशी, शेपटीपर्यंत आत गेली. आतून माती सरकल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

दुर्वाला खाली बसवलं. तिनं ओंजळीओंजळीनं माती घेऊन त्या फटीवर टाकली आणि वरून थापटली. मी तिला थांबवलं नाही.

दिवस कलता आत्याबाई आल्या. डोक्यावरची पिशवी उतरवायच्या आधी त्यांनी चुलीकडे पाहिलं. रिकामी पाटी मी जागेवर ठेवली होती. मी सगळं सांगितलं, काही न गाळता. त्या ऐकून आधी दुर्वाकडे गेल्या, तिचा घोटा हातात घेतला, ओरखड्यावर हळद दाबली. चुलीजवळ मीच ठेवली ना गं ती, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग भिंतीला टेकून बसल्या. मला वाटलं, आता नवनाथ येईल, मग मला बोलणी बसतील. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"गेनूतात्याला दुसरी काढायला सांगता येईल. तू सोडणार ती पण."

"हो."

"तुला न्हाय का बघायचं तिला चालताना?"

मी चूल पेटवत होते. फुंकणी हातातच राहिली.

"बघायचंय, आत्याबाई. तेल लावलं आणि तरी नाही चालली, तर? त्याच्यानंतर आपल्याकडं काय आहे?"

पदर घेऊन आत्याबाईंनी डोळे पुसले, आणि मला कळलं की हा प्रश्न त्यांनाही आधीच पडलेला होता. तो त्यांनी कधी तोंडातून बाहेर काढला नव्हता, इतकंच.

दुर्वा बाजेवर बसली होती. आम्हाला वाटत होतं ती हुलग्यांशी खेळते आहे. तिच्या नखांत अजून बांधाची माती होती.

"आजी, तेल तिच्या पोटात होतं?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आई, तेल तिच्या पोटात होतं?"

"हो."

तिनं आपल्या पायांकडे पाहिलं. दोन्ही हातांनी एक पाय उचलून दुसऱ्या पायाशेजारी नीट ठेवला, रोज मी ठेवते तसा.

"मग आता मी कशानं चालू?"